खानेसुमारीत न मावणारे शहर

जुन्या औरंगाबादेच्या तटबंदीला जे चार मुख्य दरवाजे होते, त्यांची नावे सावकाश वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. उत्तरेचा दिल्ली दरवाजा, पूर्वेचा जालना दरवाजा, दक्षिणेचा पैठण दरवाजा आणि पश्चिमेचा मक्का दरवाजा. शहराच्या आत काय आहे हे यांपैकी एकाही दरवाजाचे नाव सांगत नाही. चारही नावे बाहेर जाणारी वाट कोठे पोहोचते तेवढेच सांगतात. मलिक अंबराने १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी वसवलेले, १६५३ साली औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याचे नाव धारण केलेले आणि २०२३ सालापासून शासनदप्तरी छत्रपती संभाजीनगर म्हणून नोंदलेले हे नगर, नावे बदलत गेली तरी स्वभावाने वाटेवरचेच राहिले आहे. ज्या पाणचक्कीपुढे पर्यटक आज छायाचित्रे काढून घेतात, ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली आहे, आणि नहरीच्या पाण्याच्या जोरावर तेथे दळले जाणारे पीठ फकिरांच्या व वाटसरूंच्या भाकरीसाठी होते. ज्या गावाच्या सर्वांत लाडक्या वास्तूशी ‘मुसाफिर’ हे नाव जोडलेले आहे, त्या गावाने आपल्या रोजच्या मुसाफिरांची दखल घेऊ नये, याचे मला फार दिवसांपासून नवल वाटत आले आहे.

तटबंदी आता बहुतेक ठिकाणी ढासळली आहे. शहराचे खरे दरवाजे आज निराळे आहेत: नगर नाका, बाबा पेट्रोल पंप, क्रांती चौक, सिडको बसस्थानक, मुकुंदवाडी, हर्सूलचा टी पॉइंट. पहाटे सहाच्या सुमारास सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातात डबा आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली माणसे येऊन उभी राहू लागतात. ती ‘फर्स्ट’ची, म्हणजे पहिल्या पाळीची. कंपनीची बस त्यांना घेऊन वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला जाते; त्या वाटेवर पंढरपूर नावाचेच एक गाव आहे, आणि आषाढीला शहरातले भाविक ज्या विठोबाला पायी जातात, त्याच्याच वेशीवरून ही माणसे वर्षभर, एकादशी असो वा नसो, ये-जा करीत असतात. त्यानंतर ‘जनरल’वाले निघतात, मग चिकलठाण्याचे, शेंद्र्याचे. आठ वाजता सिडको बसस्थानकावर निराळा समुदाय दिसतो: सिल्लोडच्या शाळेतले गुरुजी, फुलंब्रीच्या बँकेतल्या बाई, गंगापूरच्या तहसिलीतले अव्वल कारकून. आणि ते बाहेर पडत असतानाच जालना, पैठण, वैजापूर, खुलताबाद या बाजूंनी महाविद्यालयात, दवाखान्यात, कोर्टात, मोंढ्यात येणाऱ्यांचे लोंढे शहरात शिरत असतात. या साऱ्या व्यवहाराला आमच्या भागात एकच शब्द आहे, ‘अपडाऊन’. तो रेल्वेने दिला, एस.टी.ने रुळवला आणि आता मराठी व्याकरणाने पूर्णपणे आपलासा केला आहे. ‘मी अठरा वर्षे अपडाऊन केले’ असे एखादा सेवानिवृत्त गृहस्थ सांगतो, तेव्हा त्या क्रियापदात त्याच्या आयुष्याचा केवढा मोठा हिस्सा खर्ची पडलेला असतो हे ऐकणाऱ्याला विचारावे लागत नाही.

आता या माणसांची गणना कोठे होते, असा प्रश्न केला, तर उत्तर असे की कोठेही होत नाही. जनगणनेला आपल्या जुन्या दप्तरांतून खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद; नावाप्रमाणेच ती घरे मोजते आणि घरात मुक्कामाला असणारी माणसे मोजते. २०११ च्या खानेसुमारीने या शहराची वस्ती ११ लाख ७५ हजार ११६ ठरवली, आणि पाणी किती, दिवे किती, रस्ते किती याचे हिशेब त्या आकड्यावर बेतले गेले. त्या मोजदादीत नोकरदाराला कामाचे ठिकाण घरापासून किती किलोमीटर आहे आणि तो कोणत्या वाहनाने जातो हे विचारले होते, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो कोणत्या गावी जातो हे विचारले नव्हते. वाटेची लांबी कळली, वाटेची दिशा कळली नाही. दरवाजाला वाटेच्या टोकाचे नाव देणाऱ्या या शहराला नेमकी दिशाच अज्ञात राहावी, हा एक प्रकारचा विस्मृतीचा दोष आहे.

या बाबतीत जपानकडे क्षणभर पाहणे उपयोगाचे ठरेल, आणि ते पाहणे आपल्याला अगदीच परके नाही. अजिंठा-वेरूळच्या जतनाला व पर्यटनविकासाला जपानी कर्जाचे साहाय्य मिळाले आहे, आणि २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्कर कंपनीने पैठणच्या वाटेवरील बिडकीन येथे मोटारींचा कारखाना काढण्याचा करार राज्य शासनाशी केला आहे. त्या देशात मोठ्या नगरांच्या भोवती जी मध्यम शहरे आहेत, त्यांना तेथील लोक इंग्रजीतले दोन शब्द जोडून ‘बेड टाऊन’ म्हणतात. म्हणजे निजायचे गाव. सकाळी तोक्यो किंवा ओसाकाला जायचे, रात्री पाठ टेकायला परत यायचे. ही गावे आपोआप उगवली नाहीत. इचिझो कोबायाशी नावाच्या एका कल्पक गृहस्थाने १९१० साली ओसाकाहून ताकाराझुकाकडे जाणारी विजेची रेल्वे सुरू केली, तेव्हा तिच्या मार्गावर शेतेच शेते होती आणि गाडीत बसायला माणसे नव्हती. म्हणून त्याने मार्गालगत जमीन घेऊन घरे बांधली, ती मध्यमवर्गीयांना हप्त्यांवर विकली, सुटीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून दुसऱ्या टोकाला मुलींची नाटकमंडळी उभारली, आणि १९२९ साली ओसाकाच्या स्थानकालाच लागून मोठे दुकान थाटले. घर, वाट, काम आणि करमणूक ही एकाच हिशेबाची चार कलमे आहेत, हे त्याने ओळखले होते. आणि ती वाटचाल सरकारदरबारी मोजलीही जाते. जपानची जनगणना नागरिकाला तू कोणत्या नगरात कामाला वा शिकायला जातोस असे विचारते, आणि त्यावरून प्रत्येक नगराची रात्रीची व दिवसाची अशी दोन लोकसंख्या काढते. तोक्योच्या मध्यभागी चियोदा नावाचा विभाग आहे, तेथे रात्री साठ-सत्तर हजार माणसे राहतात आणि दिवसा आठ-नऊ लाख वावरतात. एकच आकडा जवळ ठेवून अशा विभागाचा कारभार करू म्हणणारा कारभारी तेथे हास्यास्पद ठरेल. जपानात सारे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्याच भाषेत रोजच्या गर्दीच्या प्रवासाला नरकाची उपमा देणारा शब्द आहे, आणि तोक्योजवळच्या तामा या नियोजित उपनगरात १९७१ पासून राहायला आलेली पिढी आता म्हातारी होऊन बसली आहे. तरीही दुःख मोजलेले असले तर त्यावर उपाय सुचतो, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आपल्या शहराची रचना जपानी निजायच्या गावाच्या नेमकी उलट आहे. तेथे शेज बाहेर आणि काम मध्यभागी. येथे शेज मध्यभागी आणि काम बाहेर. हे असे का झाले याची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. १७६३ च्या सुमारास निजामाने राजधानी हैदराबादला नेल्यावर हे शहर दीड-दोन शतके आपल्या तटबंदीत पेंगत राहिले. १९४८ साली निजामाच्या राजवटीतून मुक्ती मिळाल्यावर प्रथम विद्या आली, १९५० साली डॉक्टर आंबेडकरांचे महाविद्यालय आणि १९५८ साली विद्यापीठ. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे रेल्वे स्थानकाच्या बाजूला व पूर्वेकडे चिकलठाण्याला औद्योगिक वसाहती झाल्या. १९७२ साली नवे शहर वसवण्याचे काम सिडको या शासकीय संस्थेकडे आले, तेव्हा तिने आपली घरे याच पूर्वेच्या अंगाला, एन-एक, एन-दोन अशा क्रमांकांनी, मांडली. चिकलठाण्याचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर कामगाराचे घर, हा हिशेब तोपर्यंत बिनचूक होता. पण १९८५ साली बजाज ऑटोचा भव्य कारखाना सुरू झाला तो पश्चिमेला, वाळूजला, आणि त्याच्या मागोमाग शेकडो लहानमोठे पुरवठादार तिकडे गेले. घरे उगवतीला आणि काम मावळतीला. मधे जालना रस्ता, क्रांती चौक आणि छावणीचा अरुंद पट्टा. शहराचा एवढा मोठा कष्टकरी वर्ग आपल्या घरातून कामावर जाण्यासाठी सबंध शहर ओलांडू लागला, आणि त्या ओलांडण्याची तरतूद कोणत्याच आराखड्यात आधीपासून नव्हती. वाळूजला पुढे बजाजनगर वसले, सिडकोनेही तेथे महानगराचा घाट घातला. पण ज्याने एकदा सिडकोत घर केले, मुलाला तेथल्या शाळेत घातले, म्हाताऱ्या आईला ओळखीचे डॉक्टर जवळ असावे म्हणून हलवले नाही, तो बसने वाळूजला जातच राहिला. अनेकांनी तर बसचाही नाद सोडला आणि मोटारसायकल घेतली. वाळूजला तयार होते तीच. ज्या कारखान्याने शहराला ये-जा लावली त्यानेच ये-जेचे वाहन पुरवले, असे कोणी विनोदाने म्हटले तर तो विनोद फार दूरचा होणार नाही.

या ये-जेतला सर्वांत कडवट वाद मात्र कामगारांचा नाही. तो मुख्यालयाचा आहे. शासकीय सेवकाने नेमणुकीच्या गावी मुक्काम करावा, तसा तो करतो म्हणूनच त्याला घरभाडे मिळावे, हा नियम जुना आहे. २०१९ च्या सप्टेंबरात ग्रामविकास विभागाने शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्यसेवक यांच्या मुख्यालयी राहण्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला, आणि २०२२ साली आमच्याच जिल्ह्यातील गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढल्यावर शिक्षक विरुद्ध लोकप्रतिनिधी असा सामना जुंपला. दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. या वादात मला एकाही पक्षाची वकिली करावीशी वाटत नाही, कारण दोन्ही पक्ष एकच चूक करीत आहेत असे माझे मत आहे. दोघेही माणूस कोठे निजतो यावरून तो कोठला आहे हे ठरवू पाहतात.

गावकऱ्यांची तक्रार खोटी नाही. पूर्वी शाळामास्तर गावात राही, तेव्हा संध्याकाळी त्याच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचले जाई, कोणाचा अर्ज लिहून मिळे, आणि परीक्षेच्या दिवसांत चार पोरे कंदिलाशी बसत. चारच्या बसवर डोळा ठेवून शिकवणाऱ्या मास्तराकडून ही अपेक्षा करता येत नाही, आणि बस चुकू नये म्हणून शेवटचा तास आखडता घेणारे कोणीच नाहीत, असे छातीठोकपणे म्हणणारा मनुष्य एक तर भोळा असला पाहिजे, नाही तर संघटनेचा पदाधिकारी. पण गुरुजींची बाजूही खोटी नाही. पत्नीची नोकरी शहरात, मुलांचे शिक्षण शहरात, आणि गावात भाड्याने मिळण्याजोगे घर नाही. अशा संसाराला फर्मानाने उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. राजाज्ञेने माणसांचे मुक्काम हलवण्याचा प्रयोग या जिल्ह्याने फार पूर्वी, १३२७ च्या सुमारास, पाहिलेला आहे. महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे देवगिरीला आणली, तिचे दौलताबाद केले, आणि काही वर्षांनी ती माणसे परतीच्या वाटेला लागली. आजच्या नियमात तुघलकी क्रौर्य नाही हे खरे, पण त्याऐवजी आणखी एक दोष शिरला आहे. नियम पाळता येत नाही आणि मोडता येत नाही, म्हणून कागदावर मुक्काम गावचा आणि प्रत्यक्षात शहरचा, अशी एक सर्वमान्य असत्याची वहिवाट पडली आहे. त्या असत्याची पहिली साक्षीदार मुलेच असतात. गुरुजी कोणत्या बसने येतात हे वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असते.

यातून वाट काढायची तर कामाकामांत भेद केला पाहिजे. उपकेंद्रातली परिचारिका रात्री गावात असणे ही जिवाची गोष्ट आहे, कारण बाळंतपण कचेरीच्या वेळा पाहून येत नाही. तिच्यासाठी गावात चांगले, कुलूप लागणारे, पाणी येणारे घर बांधून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते बांधून दिल्यावरच तिच्यावर मुक्कामाची सक्ती शोभते. तलाठ्याने ठरल्या वारी चावडीवर भेटावे, एवढे पुरे. शिक्षकाकडून मागायचे ते शाळेचे पूर्ण तास आणि शिकलेली मुले. तो रात्री कोठे निजतो याची पंचाईत ग्रामसभेने करू नये, आणि त्याने तिची खोटी समजूतही घालू नये. मात्र एवढे मान्य केले की दुसरी जबाबदारी आपोआप येते: जो रोज येणार आहे त्याच्या येण्याची सोय पाहणे. शाळा दहाला भरते आणि बस साडेदहाला पोहोचते, अशी आपली दोन खाती एकमेकांकडे पाठ करून उभी असतील, तर त्यात मुलांचा काय अपराध?

ही पाठ फिरवण्याची सवय पूर्वी नव्हती. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या आसपास येथून धावू लागली, आणि १९३२ साली निजामाच्या राज्यात प्रवासी मोटारी सुरू झाल्या त्या रेल्वेखात्याच्याच एका शाखेने, २७ गाड्यांनिशी. रूळ आणि सडक यांचा कारभार एका छताखाली होता. ती राजवट अनेक कारणांनी निंद्य होती, पण हा एक विचार तिला सुचला होता हे मान्य करायला हरकत नाही. आज रेल्वे केंद्राची, एस.टी. राज्याची, २०१८ पासूनची शहर बस स्मार्ट सिटीची, कंपनीच्या बसगाड्या कंपन्यांच्या, आणि काळीपिवळी जीप देवाच्या भरवशावरची. जालन्याहून रेल्वेने मुकुंदवाडीला उतरून वाळूजला जाणाऱ्या मुलाला एकच पास मिळत नाही. रूळमार्गावरच्या गाड्यांच्या वेळा मुंबईला, हैदराबादला, नांदेडला सोईच्या. २०२३ च्या अखेरीस जालन्याहून वंदे भारत निघाली तिचे कौतुक सर्वांनी केले, मीही केले, पण तीही मुंबईला पोहोचण्यासाठी आहे. साठ किलोमीटरवरच्या जालन्याहून सकाळच्या कामाला वेळेवर पोचवणारी आणि संध्याकाळी घरी सोडणारी गाडी ही कोणाच्या भाषणाचा विषय होत नाही. रोजच्या वाटसरूला लागते ती विश्वासाची वेळ. वेग त्याच्या दृष्टीने दुय्यम असतो.

याच रूळांनी आपल्याला दोन वेळा लाजवले आहे, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे. २०१९ च्या दुष्काळात मुकुंदवाडीची लहान मुले रेल्वेने मुख्य स्थानकावर जाऊन तेथल्या नळावर कळशा भरून परत येत असल्याचे जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. पाण्यासाठी अपडाऊन करणारी ती बहुधा पहिलीच मुले असतील. आणि ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर थकून निजले असता मालगाडीखाली गेले. त्यांचे काम आपल्याला ठाऊक होते. त्यांची वाट ठाऊक नव्हती. माणूस एका गावाच्या घरात मोजलेला, दुसऱ्या गावाच्या कारखान्यात हजेरीवर, आणि मधल्या वाटेवर कोणाचाच नाही, याचा याहून भयंकर दाखला मी शोधू इच्छीत नाही.

मागणे मोठे नाही. महापालिका आहे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, औद्योगिक महामंडळ आहे. या तिघांनी मिळून वर्षातल्या एका साध्या बुधवारी, सणवार नसलेल्या, नगर नाक्यापासून शेंद्र्यापर्यंत आणि हर्सूलपासून बिडकीनपर्यंत कोण कोठून कोठे जातो याची मोजदाद करावी. कंपन्यांकडे बसमार्गांच्या याद्या आहेत, एस.टी.कडे पासांची नोंद आहे, शाळांकडे हजेरीपट आहेत. हे कागद एका मेजावर आले तरी निम्मे काम होईल. त्या आधारावर शहराची दिवसाची लोकसंख्या जाहीर करावी आणि पाणी, स्वच्छतागृहे, थांब्यांवरचे छप्पर, रात्रीच्या पाळीला दिवे यांची तरतूद त्या आकड्यावर करावी. मग वेळापत्रके जुळवावीत आणि एक पास द्यावा. असे लहान निर्णय किती फळतात याचा अनुभव आपण घेतलेला आहे. २०२३ च्या मार्चात एस.टी.ने स्त्रियांना अर्धे तिकीट लावले आणि बसमधल्या बाया पाहता पाहता वाढल्या. त्या आधी घरात बसत होत्या की काळीपिवळीच्या टपाला लोंबकळत होत्या, हे आपल्याला सांगता येत नाही, कारण तेव्हाही आपण मोजले नव्हते.

घाई अशासाठी की बिडकीनला नवा कारखाना उभा राहील तेव्हा हजारो माणसे पैठणच्या वाटेला लागतील, आणि ती वाट शहराच्या दक्षिण दरवाजातून जाते. १९८५ साली घर पूर्वेला आणि काम पश्चिमेला अशी जी गाठ नकळत पडली, ती चाळीस वर्षांनी दक्षिणेला पुन्हा पडू द्यायची की कोबायाशीप्रमाणे घर आणि वाट यांचा हिशेब आधी मांडायचा, याचा निर्णय अजून आपल्या हाती आहे. एकदा लोकांनी घरे केली, मुले शाळेत घातली, की तो हाती राहत नाही.

येत्या खानेसुमारीचा कारकून एखाद्या दिवशी आपल्या दारी येईल. बहुधा तो एखाद्या शाळेतला शिक्षकच असेल, आणि कोणास ठाऊक, त्यासाठी दोन बस बदलून आलेला असेल. घरात कोण कोण असते ते त्याला सांगावेच. पण त्याच्या कागदात रकाना असो वा नसो, घरातले कोण आता बाहेर आहे, कोणत्या दरवाजाने गेले आहे आणि दिवे लागणीला कोणत्या गाडीने परत येणार आहे, तेही सांगावे. आणि पाणी देऊन झाल्यावर, परत कोठे जायचे आहे, हे त्यालाही विचारावे.